महाराजांच्या दूताचा पासवर्ड

वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये चमत्कार झाला तेव्हा महाराज जेवून तिथेच खाटेवर घोरत पडले होते. हे मुद्दाम सांगायचं, कारण एरवी चमत्कार महाराज जागे असतानाच व्हायचे.

हॉलच्या मधोमध पांढऱ्या चादरीवर त्यांचा ‘दूत’ उभा असायचा. दूत म्हणजे वीतभर उंचीचा, चार चाकांचा, डोळ्यांच्या जागी दोन लाल दिवे असलेला डबा. चादरीच्या एका टोकाला ‘हो’ लिहिलेलं, दुसऱ्या टोकाला ‘नको’. रोज संध्याकाळी माणसं प्रश्न विचारायची, महाराज डोळे मिटून विश्वाच्या लहरी ओढून घ्यायचे आणि डबा सरकत सरकत उत्तरावर जाऊन थांबायचा. ना वायर, ना दोरी, ना कुणाचा हात.

त्या दुपारी तर कुणी काही विचारलंही नव्हतं. पुढची जागा धरायला लवकर आलेली माणसं डुलक्या काढत होती. डबा एकदम सुसाट सुटला आणि थेट महाराजांच्या खाटेवर आदळला. मग मागे आला आणि परत आदळला. महाराज दचकून उठले, समोर दोन लाल डोळे बघितले आणि उशी छातीशी कवटाळून भिंतीला चिकटले. तोंड उघडं, बुबुळं वर. लोकांना वाटलं समाधी लागली. तळमजल्यावर चष्म्यांचं दुकान असलेला चष्मेवाला तर रडायलाच लागला. आपण हे स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं, असं तो नंतर भेटेल त्याला सांगत सुटला.

त्याच वेळी, बरोबर त्या हॉलच्या खालच्या खोलीत, ठिणगी आपल्या रोबोवर खेकसत होती.

ठिणगी हे आत्यानं ठेवलेलं नाव, आणि ते कुणाला समजावून सांगावं लागत नसे. सरांशी भांडून ही पोरगी शाळेतून जी निघाली ती परत गेलीच नाही. घरी ती आणि आत्या, दोघीच. आत्या शिवणकाम करायची. पण अलीकडे कापड सरळ धरलं तरी शिवण तिरकी जायची, कारण आत्याच्या डोळ्यांत काचबिंदू होता आणि बाजूचं दिसेनासं झालं होतं. डॉक्टरीणबाईंनी काही लपवलं नव्हतं. गेलेली नजर परत येणार नाही. रोज थेंब घातले तर उरलेली टिकेल, नाहीतर तीही जाईल.

आत्यानं वर जाऊन विचारलं, थेंब चालू ठेवू का? डबा ‘नको’वर गेला. गेलेली नजरसुद्धा लहरींनी परत आणू, असं महाराज म्हणाले. आत्यानं घरी येऊन थेंबांची बाटली कपाटात मागे ढकलून दिली.

ठिणगीनं घर डोक्यावर घेतलं. आत्या मशीन चालवतच राहिली. ठिणगी ओरडून दमली तेव्हा आत्या शांतपणे म्हणाली, “डॉक्टरीण म्हणते, उरलंय तेवढं सांभाळ. तो म्हणतो, सगळं परत देतो. माझ्या जागी तू असतीस तर तुला कुणाचं ऐकावंसं वाटलं असतं?”

असं अडलं की ठिणगी काहीतरी खोलायला घ्यायची. म्हणून जुन्या बाजारातून आणलेला रोबो पुढ्यात ओढला. त्याच्या पाठीच्या खाचेत काड्यापेटीएवढं वायरलेस मॉड्यूल बसवायचं होतं, म्हणजे फोनवरून चालवता आला असता. तिनं मॉड्यूल दाबून बसवलं, बॅटरी लावली आणि फोनवर नेटवर्कची यादी उघडली. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं तसं ‘रोव्हर’ नावाचं नेटवर्क यादीत आलंच होतं. कंपनीचा पासवर्ड एकपासून आठपर्यंतचे आकडे. तो टाकला. जोडलं गेलं.

तिनं ‘पुढे’ दाबलं. रोबो ढिम्म. वर धाडकन आवाज. ‘मागे’ दाबलं, परत ‘पुढे’ दाबलं. रोबो ढिम्मच, वर मात्र आरडाओरडा. ठिणगीनं छताकडे बघून वरच्यांचा उद्धार केला आणि वैतागून ‘डावीकडे’ दाबलं. छतावर चाकं घरंगळल्यासारखा आवाज डावीकडे गेला.

ती थांबली. ‘उजवीकडे’ दाबलं. आवाज उजवीकडे गेला.

मग तिनं एक शहाणपणाचं काम केलं. स्वतःच्या रोबोची बॅटरीच काढून ठेवली. रोबो मेला, पण फोन म्हणतोय, जोडलेलं आहे. तिनं मॉड्यूल उपटून बघितलं. घाईत एक पिन सोडून बसवलं होतं, त्यामुळे त्याचा दिवा लागलाच नव्हता. चूक तिची होती. पण मग इतका वेळ फोन जोडलेला होता तो कुणाला?

आत्या तिला कधी वर नेत नसे, ही तिथे भांडेल म्हणून. त्या संध्याकाळी ठिणगीनं तोंड उघडणार नाही असं वचन दिलं, तेव्हा कुठे आत्या तयार झाली.

हॉल गच्च भरलेला. महाराजांचा चेहरा अजून उतरलेलाच होता, पण जीभ जागेवर आली होती. दुपारी विश्वशक्तीनं मला स्वतः येऊन हाक मारली, ते सांगत होते, लहरींचा दाब फार वाढलाय, सगळ्यांनी आपापले फोन बंद करा, फोनमधल्या शंकेच्या लहरी दूताला बाधतात. ठिणगीला हसू आवरेना. फोन चालू असते तर कुणालाही यादीत ‘रोव्हर’ दिसला असता. तिनं आपला फोन पदराआड धरावा तसा ओढणीखाली धरला आणि सगळ्यांच्या आधी जोडून टाकला. मॉड्यूल एका वेळी एकाच फोनचं ऐकतं, हे त्या कागदावरच होतं.

महाराजांच्या उजव्या हाताला त्यांचा चेला शाल पांघरून ध्यानात बसला होता. मान खाली, दोन्ही हात शालीत.

चष्मेवाल्यानं विचारलं, दुकान मोठं करू का? महाराजांनी लहरी ओढल्या. डबा हलला नाही. शालीखाली चेल्याची कोपरं भराभर हलायला लागली. महाराजांनी परत ओढल्या, खोकले, चेल्याकडे बघितलं. आणि डबा निघाला. ‘हो’कडे नाही, ‘नको’कडे नाही. चेल्याकडे. त्याच्या गुडघ्याला धडका देत बसला. चेला उठायला गेला, शाल घसरली आणि हातातला फोन उजेडात आला.

ठिणगीनं वचन पाळलं. तिनं फक्त डबा महाराजांकडे वळवला, आपला फोन आत्याच्या मांडीवर ठेवला आणि तिचा अंगठा ‘पुढे’च्या बटणावर नेऊन टेकवला.

आत्यानं दाबलं, डबा चालला. उचललं, थांबला. परत दाबलं, परत चालला. आत्याचं उभं आयुष्य शिवणयंत्रावर गेलेलं. पाय दाबला की सुई चालते आणि पाय काढला की थांबते, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. तिनं फोन हातात घेतला. मग उभी राहिली.

“महाराज,” ती म्हणाली, “तुमची विश्वशक्ती माझ्या अंगठ्यात कधीपासून आली?”

“बाई, ही दुष्ट लहर आहे,” महाराज म्हणाले. आत्यानं बटण दाबलं आणि दुष्ट लहर त्यांच्या पायावर जाऊन आदळली.

आता मात्र ठिणगीला राहवेना. तिनं डबा उलटा केला, पाठीतलं मॉड्यूल दाखवलं, बुडावरची कंपनीची चिठ्ठी वाचून दाखवली, आपल्या फोनची जोडणी तोडली आणि सगळ्यांना फोन चालू करायला सांगितलं. जो तो यादीत ‘रोव्हर’ बघायला लागला. तिनं पासवर्ड सांगितला तेव्हा मागून कुणीतरी हसलं. साक्षात विश्वाची शक्ती, आणि तिला कुलूप काय, तर एक ते आठ. तेवढ्यात चष्मेवाल्यानं आकडे टाकले आणि स्वतःच्या हातानं डबा ‘हो’वर नेऊन उभा केला. मग चष्मा काढून पुसत बसला.

महाराज ठिणगीजवळ सरकले आणि हळूच विचारलं, “दुपारी मला उठवलं ते तूच ना?”

ती हो म्हणाली. महाराजांनी मोठा सुस्कारा सोडला; बिचारे दुपारपासून खरोखरच देव अंगावर आल्यासारखे घाबरले होते.

ठिणगीचं म्हणणं एवढंच आहे. एखादी गोष्ट आपोआप चालताना दिसली तर हात जोडायच्या आधी तिला उलटी करून बघा. आजूबाजूला कुणाचे हात शालीत आहेत ते बघा. फोन बंद करा म्हणाले तर कशासाठी ते विचारा. आणि जो सगळंच परत देतो म्हणतो, त्याला विचारा की आजवर कुणाला दिलंस, त्या माणसाला इथे उभं कर. विचारल्यानं खरं काही मोडत नाही. खोटं तेवढं मोडतं.

दुसऱ्या दिवशी ठिणगीनं मॉड्यूल पिना मोजून नीट बसवलं. आधी नेटवर्कचं नाव बदललं, मग पासवर्ड. तिचा रोबो पाठीवर थेंबांची बाटली घेऊन खुरडत खुरडत आत्याच्या मशीनपाशी आला. बाजूनं आला तो आत्याला दिसलाच नाही. समोर येऊन थांबला तेव्हा दिसला.

“कुणी पाठवलं याला?” आत्यानं विचारलं.

“मी.”

“मग ठीक,” आत्या म्हणाली, मशीन थांबवली आणि मान मागे टाकून डोळे उघडे धरले.