निलगिरीची भट्टी आणि नाकवाले काका

मित्रांनो, मी एक जुनी भट्टी आहे. निलगिरीच्या पाल्यातून तेल काढणं हे माझं काम. दिसायला मी म्हणजे माणसाच्या उंचीचा तांब्याचा पिंप. एका तांबटाने मला महिनाभर ठोकून ठोकून घडवलं, त्या ठोक्यांच्या खुणा अजून माझ्या अंगावर आहेत. तळाला पाणी, त्यावर जाळी आणि जाळीवर गळ्यापर्यंत दाबून भरलेला पाला. खाली जाळ लागला की वाफ पाल्यातून वर चढते, जाताना तेल सोबत घेते, गार पाण्याच्या टाकीतल्या नळीतून फिरते आणि पलीकडच्या डब्यात थेंबथेंब उतरते. डब्यात पाणी खाली राहतं, तेल वर तरंगतं. वाटीभर तेलासाठी पोतंभर पाला लागतो, तेव्हा उगाच नाक मुरडू नका.

माझ्या मालकांना सगळे नाकवाले काका म्हणत. पाला आज तोडलाय की काल, हे ते डोळे मिटून सांगायचे. माझ्या झाकणाच्या फटी पिठाच्या गोळ्याने लिंपलेल्या असत. जाळ लागला की काका वाकून, वास घेत झाकणाभोवती एक फेरी मारायचे आणि जिथे वास येईल तिथे आणखी पीठ थापायचे. "वास गल्लीला, तर तेल कुणाला?" असं म्हणायचे. अशी वीस वर्षं गेली. माझ्या तेलाला कुणी कधी नाव ठेवलं नाही.

मग एकदा पाला उपसताना माझं झाकण घसरून फरशीवर आदळलं आणि काठाला पोचा आला. नेमके त्याच सुमारास काका तापाने पंधरा दिवस अंथरुणावर होते. उठल्यावर ते पुन्हा कामाला लागले, फेरीही मारू लागले. पण पोचा आलेल्या जागी, जिथून माझी वाफ बारीक सुटत होती, तिथे नाक नेऊनही ते तसेच पुढे गेले. मला कळेना, यांना झालंय तरी काय?

खरं सांगते, सुरुवातीला मला मजाच वाटली. रस्त्याने जाणारे थबकून म्हणायचे, "वा! काय वास सुटलाय!" कौतुक कुणाला आवडत नाही? मी आपली फुशारले. पण डब्यातलं तेल निम्म्यावर आलं. काका म्हणाले, "पाला बरा नाही." मग पाला बदलला, तरी तेच. शेवटी त्यांचा मुलगा म्हणाला, "बाबा, भट्टी थकली आता. सोमवारी भंगारवाल्याला बोलावतो. स्टीलची नवी घेऊ."

काकांनी माझ्या अंगावरच्या ठोक्यांवरून हात फिरवला. मला फार वाईट वाटलं.

रविवारी शेवटचा घाणा चढला. सूनबाई शेडमागच्या दोरीवर कपडे वाळत घालत होत्या. त्या दारात येऊन म्हणाल्या, "बाबा, आज वास किती मस्त येतोय! चादरींनासुद्धा लागलाय."

काकांचा हात थांबला. "वास? कुठे?"

"सगळीकडे. तुम्हाला नाही येत?"

काकांनी जाळात एक लाकूड सरकवलं. "तापापासून कसलाच वास येत नाही मला. चहाचा नाही, साबणाचा नाही."

"अहो, मग बोलला का नाहीत?"

"नाकवाला म्हणतात मला. कोणत्या तोंडाने सांगणार?"

सूनबाईंनी पदर खोचला. "वास मी घेते. तुम्ही हात चालवा." त्या माझ्या झाकणाभोवती वाकत वाकत फिरल्या आणि पोच्यापाशी थांबल्या. "इथे, बाबा! नाकात झिणझिण्या आल्या."

काकांनी त्या जागेवर बोट फिरवलं. पोचा हाताला लागला. त्यांनी ओल्या फडक्याची घडी कोंबली आणि वरून पिठाचा जाड थर थापला. हळूहळू शेडमधला वास विरला. माझं कौतुक थांबलं, आणि डब्यात तेलाचा थर बोटभर चढला. काकांनी मुलाला हाक मारून डबा दाखवला. त्याने बोट बुडवून थर मोजला.

सोमवारी भंगारवाला हातगाडी घेऊन आला. फाटकातूनच ओरडला, "भट्टी बंद केलीत वाटतं? गल्लीत वास नाही आज!"

"चालू आहे, म्हणूनच नाही!" आतून काका म्हणाले आणि कितीतरी दिवसांनी मोकळेपणाने हसले. मुलाने भंगारवाल्याला चहा पाजून रिकाम्या गाडीनिशी परत पाठवलं. फेरी आता सूनबाई मारतात, काका पिठाचा गोळा घेऊन मागून चालतात.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी जुनी वस्तू असेल, एखादं जुनं माणूस असेल. मोडीत काढण्याआधी जवळ जाऊन विचारपूस करा. मला तर बोलताच येत नव्हतं. काकांना येत होतं, तरी त्यांनाही कुणीतरी विचारायलाच हवं होतं.