भिंगाची वाटणी

पाच तारखेला सकाळी बाबांचा उजवा डोळा उघडेना. पिवळा पू सुकून पापण्या चिकटल्या होत्या. कोमट पाण्यात बुडवलेल्या कापसाने मी त्या हळूहळू सोडवल्या. आत डोळा लालभडक.

"त्यानेच दिलाय," बाबा म्हणाले. "मुद्दाम."

तो म्हणजे माझे मोठे काका. दोघे सख्खे भाऊ. एकाच दुकानात, एकाच टेबलाच्या दोन टोकांना बसून घड्याळं दुरुस्त करतात आणि चार वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. बाबा बॅटरीची घड्याळं घ्यायला लागले तेव्हा काका म्हणाले, आता खेळणीही दुरुस्त कर. तेव्हापासून. काही सांगायचं झालंच तर समोरच्या गिऱ्हाइकाला सांगतात. "बघा साहेब, काही लोक चिमटा उचलतात आणि जागेवर ठेवत नाहीत." गिऱ्हाईक बिचारं मान डोलावतं.

त्याच उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन अठ्ठावीस तारखेला ठरलं होतं. डाव्याने बाबांना लहानपणापासून अंधुक दिसतं; सगळं काम उजव्यावर. गेल्या महिन्यात त्यांनी एका घड्याळात चाक उलटं बसवलं होतं.

"जिवाणूंचा संसर्ग आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "या थेंबांतला एक-एक दर चार तासांनी, सात दिवस. बरं वाटलं तरी सात दिवस. असल्या डोळ्याचं ऑपरेशन मी करणार नाही. संसर्ग आत गेला तर डोळा गमवाल. एकवीसला बघते. लाली दिसली तर तारीख रद्द, पुढची चार महिन्यांनी."

मी दूध तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. निर्जंतुक करणं हे माझं रोजचं काम. टॉवेल वेगळा केला, उशीचा अभ्रा रोज उकळला, बाटलीचं टोक पापणीला लागू दिलं नाही. तिसऱ्या दिवशी डोळा स्वच्छ झाला, तरी सात दिवस पूर्ण केले. आणि चौदा तारखेला सकाळी तो पुन्हा चिकटला.

"थेंब डोळ्यात घालता की गालावर?" बाईंनी मलाच झापलं. नवी बाटली लिहून दिली.

घरात तर संसर्गाला जागा राहिली नव्हती. म्हणून त्या दिवशी अर्धी रजा टाकून मी बाबांबरोबर दुकानात गेले.

दुकानात भिंग एकच. आजोबांचं, पितळी कडेचं, डोळ्याच्या खोबणीत धरायचं. नवीन दुसऱ्याने घ्यावं, असं दोघांचंही म्हणणं. म्हणून वाटणी झालेली: दुपारी एकपर्यंत काकांकडे, नंतर बाबांकडे. हातातून हातात द्यायचं नाही. टेबलाच्या मधोमध पत्र्याचं एक झाकण आहे, त्यात ठेवायचं.

एक वाजला. काकांनी भिंग काढलं. त्यांचा डोळा लाल होता, पापण्यांच्या मुळाशी पू. त्यांनी खिशातून रुमाल काढला, डोळा टिपला आणि त्याच कोपऱ्याने भिंगाची कड चांगली घासून ते झाकणात ठेवलं. बाबांनी ते दोन बोटांनी उचललं, तोंड वाकडं केलं. "काही लोकांची घाण," असं मला म्हणाले आणि आपल्या रुमालाने पुसून डोळ्याला लावलं. हा रुमाल ते आठवडाभर डोळ्यावर दाबत होते. माझ्या नजरेतून तेवढाच सुटला होता.

दोघेही दुसऱ्याला घाणेरडा समजून भिंग साफ करत होते आणि रोगाची देवाणघेवाण चालू होती.

"काका, डोळा कधीपासून असा आहे?"

"महिना झाला. येतो, जातो. तुला काय करायचंय, शास्त्रज्ञबाई?"

"थेंब नाही घातले?"

त्यांनी खणातून बाटली काढून आपटली. "दोन दिवस घातले. संपले."

तसल्या बाटलीत शंभरेक थेंब असतात. दोन दिवसांत संपणार कसे? मी त्यांच्या गालाकडे पाहिलं. काकू गेल्यापासून घरात ते एकटेच असतात.

"डोळ्यात पडत नाहीत का?"

"पापणी मिटते," काका भिंतीवरच्या घड्याळाला म्हणाले.

बाबा मोठ्याने हसले. मी त्यांच्या डोळ्यावरून भिंग काढून पिशवीत टाकलं.

"ठेव ते!" दोघे एकदम ओरडले.

"एकवीसपर्यंत हे माझ्याकडे, उकळून. उद्या दोन नवीन आणते. रुमालही द्या. टेबल एक, चिमटे एक. एकाचा डोळा बरा होऊन उपयोग नाही. मी नोकरीवर असते, तेव्हा काकांच्या डोळ्यात थेंब बाबा घालतील. बाटली वेगळी. आधी साबणाने हात, नंतरही."

"हिला एवढी शिकवलीस कशाला?" काका थेट बाबांना म्हणाले.

"चुकलंच," बाबा म्हणाले. चार वर्षांतलं पहिलं संभाषण. मग त्यांना माझं बोलणं पोचलं. "मी? याच्या डोळ्यात? याच्या तोंडावर थुंकणार नाही मी."

"मग चार महिने थांबा."

समोरच्या औषधाच्या दुकानातून मी काकांसाठी तशीच नवी बाटली आणली. बाबा मोरीकडे गेले, साबणाने हात धुऊन आले.

"डोळा उघड."

"उघडाच आहे."

"याला उघडा म्हणतात? वर बघ. छताकडे, माझ्याकडे नको."

"तुझ्याकडे बघायची हौस नाही मला."

बाबांनी खालची पापणी ओढली. इवल्याशा चाकाला तेलाचा कण लावणारा हात; थेंब बरोबर पापणीच्या खोबणीत पडला.

"अजून एक घाल."

"एकच मावतो. दुसरा वाहून जातो."

"मला नको सांगूस. तेल घालायला मी शिकवलंय तुला."

"म्हणूनच निम्मी घड्याळं परत येतात."

चौथ्या दिवशी काकांचा डोळा पांढरा दिसायला लागला. "झालं बरं. बस आता."

"सात."

"डोळा माझा आहे."

"तारीख माझी आहे. वर बघ."

एकवीसला बाईंनी पापणी उलटून पाहिली, दिव्याखाली पुन्हा पाहिली आणि तारीख कायम ठेवली. अठ्ठावीसला ऑपरेशन झालं. त्यानंतर चार आठवडे थेंब, शिवाय घरी बसायचं.

तीस तारखेला सकाळी मी बाटली हलवत होते, तेवढ्यात काका दारात. चार वर्षांत आमच्या घरी पाऊल टाकलं नव्हतं. कुणी सांगायच्या आत साबणाने हात धुऊन आले.

"तू जा नोकरीला," मला म्हणाले. "आणि याला सांग, मी उपकार ठेवत नाही कुणाचे."

"ऐकू येतं मला," बाबा म्हणाले.

काकांनी बाटली धरली. पापणी ओढली, हात थांबला, स्वतःच डोळे मिटले आणि बाटली दाबली. थेंब गालावर.

"मुद्दाम," बाबा म्हणाले.

काकांनी बाटली पुन्हा सरळ केली. या वेळी डोळे उघडे ठेवून.

"गप बस. वर बघ."