जिगीत म्हणवून घेणारा

नातू पाऊल टाकू लागला तशी सात्कीन म्हाताऱ्याने मेंढा कापला आणि अख्खं गाव अंगणात गोळा केलं. नातवाच्या, इल्गीजच्या पायांत काळ्या-पांढऱ्या लोकरीचा दोर बांधून त्याला गालिच्यावर उभं केलं होतं. शर्यतीत जो पहिला येईल त्याने तो दोर कापायचा. कापणाऱ्याचा स्वभाव पोरात उतरतो, असं नारीन नदीच्या खोऱ्यात सगळेच मानतात.

पहिली आली जूरा. चाळिशीची, घोडीच्या दुधाच्या धारा काढणारी, झगा वर खोचून पळालेली. म्हाताऱ्याचं तोंड उतरलं.

"वाईट वाटून घेऊ नकोस पोरी," तो म्हणाला, "पण माझा नातू जिगीत व्हायला हवा, शूर घोडेस्वार. धारा काढणारा नको."

"मग शर्यत कशाला लावलीत काका? माझे गुडघे दुखवायला?" जूरा म्हणाली. बायका फिदीफिदी हसल्या. दोर कापायला हातात दिलेली सुरी तिने परत केली.

जिगीत म्हटलं की त्या गावात एकच नाव, एर्मेक. घोडेस्वारांच्या खेळात भरधाव घोड्यावरून वाकून मेलेला बोकड उचलावा तर त्यानेच. तसं मिसरूड फुटलेल्या कुठल्याही पोराला लोक जिगीत म्हणतात, पण एर्मेकला म्हणताना आवाजच बदलायचा, आणि तो ऐकून एर्मेकची छाती फुगायची. म्हाताऱ्याने सुरी त्याच्यापुढे धरली. "नको हो, ताईचा मान आहे," असं तो एकदा म्हणाला, आणि दुसऱ्यांदा म्हणावं लागू नये म्हणून झटकन सुरी घेतली. दोर कापून मोकळा झाला असता तर निभावलं असतं, पण गड्याला भाषण सुचलं.

"जिगीत म्हणजे नुसता मिशांना पीळ देणारा नव्हे! समोर काहीही येवो, ज्याचा पाय मागे पडत नाही तो जिगीत!"

टाळ्या पडल्या. पोर बांधल्या पायांनी तसंच उभं.

तेवढ्यात कोणीतरी स्पीकर मोठ्याने लावला. एर्मेकचा घोडा कुंपणाला होता. येताना रुबाबात उतरून त्याने लगामाचा नुसता एक वेढा मारला होता. घोडा बुजला, लगाम सुटला आणि तो उधळत थेट गालिच्याकडे आला. माणसं पांगली. इल्गीज एक पाऊल टाकायला गेला आणि दोरामुळे तोंडावर पडला. एर्मेक त्याच्यापासून हातभर अंतरावर होता. घोडा त्याचाच, त्याची हाक ओळखणारा. पण त्याने हाक मारलीच नाही. भानावर आला तेव्हा तो अंगणाकडेच्या एका मोटारीच्या आडोशाला उभा होता, सुरी तशीच हातात, आणि गालिच्याच्या कडेला जूरा पोराला पोटाशी घेऊन धुळीत पडली होती. तिची बाही खांद्यापासून फाटली होती.

कोणी त्याला बोल लावला नाही. उलट सात्कीनने त्याच्या पाठीवर थाप मारली. "सुरी घेऊन पोरावर झेप घ्यायची असते होय? शहाणपणा केलास. चल जिगीत, काप दोर."

शरमेने एर्मेकचे कान तापले. सुरीचा विचार त्याच्या मनाला शिवलाही नव्हता. कोणी दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तो जूराजवळ गेला. "ताई, तूच काप."

"हात बघ माझे कसे लटपटतायत. तेही उतरायचं पोरात."

"उतरू दे," तो म्हणाला, आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "सुरीबिरी काही नाही, आजोबा. मी भ्यालो आणि पळालो."

मग म्हाताऱ्याने मांडीवर थाप मारली. "ऐकलंत? चारचौघांत असं कबूल करायला छाती लागते! हा खरा जिगीत!"

पुन्हा टाळ्या पडल्या, मघापेक्षा जोरात. त्या गलक्यात जूराने लटपटत्या हातांनी दोर कापला आणि इल्गीज दोन पावलं चालला, ते फारसं कोणी पाहिलंच नाही. एर्मेकने पाहिलं. स्वतःची खरी किळस त्याला तेव्हा आली, कारण तो शब्द ऐकून त्याची छाती पुन्हा जराशी फुगली होती.