काचेतलं ऊन

टिचबटणाचं टोपण खोबणीवर बसतच नव्हतं — बसायला आलं की अंगठा सरकायचा, आणि अंगठ्यात जोर आणावा तर मनगटातून एक कळ थेट कोपरापर्यंत... चिनू मात्र पाय झाडत हसत होती, आईचा हा रोज सकाळचा खेळच आहे असं समजून, आणि हर्षा झबल्याच्या त्या पहिल्याच बटणाकडे पाहत राहिली, की ही माझीच बोटं ना, कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचेचा लोलक केसभर सरकवणारी — आता रात्रभर पाण्यात भिजत पडल्यासारखी फुगलेली, सांध्यांवर चकचकीत. शेवटी तिनं वाकून बटण दातांनी दाबलं. टिच् झालं. झबल्याला दुधाचा वास होता. माझ्या दुधाचा. सोमवारपर्यंत.

काल वर्ध्याला डॉक्टरांनी एकेक सांधा चाचपला आणि मुंबईहून आलेला रक्ताचा आकडा सांगितला — ड जीवनसत्त्व दिवाळीनंतर तपासलं तेव्हा होतं तिथंच, किंचित खालीच. आता संधिवाताच्या कडक गोळ्या टाळता येणार नाहीत. सोमवारी सुरू करायच्या, आणि त्या चालू असेपर्यंत बाळाला अंगावर पाजायचं नाही.

"पण मी रोज उन्हात बसते," ती म्हणाली होती, कुणी चोरीचा आळ घ्यावा तशी.

"कुठे बसता?"

"खिडकीत."

"उघड्या?"

"...काच लावून."

शेजारी बसलेला तिचा नवरा, भूपेंद्र, मोटारसायकलची किल्ली बोटाभोवती फिरवत होता, ती थांबली. काचेतून ऊब येते हो, डॉक्टर म्हणाले, पण आपल्याला हवेत ते किरण काचेतच अडतात.

बाळंतिणीला वारा लागला की सांधे धरतात, हे सासूबाई चिनू झाल्यापासून सांगत होत्या, आणि डॉक्टर म्हणाले ऊन घ्या — मग दोघांचंही राहावं म्हणून ही पूर्वेची खिडकी निघाली. फटीफटींत सुमित्राबाईंनी स्वतः चिंध्या कोंबल्या. "ऊन बी भेटते अन् वारा बी नाई. हाये का नाई तुह्या सासूले डोकं?" आणि हर्षाही हसली होती, मांडीवर चिनूला उघडी करून बसली होती, अख्खी थंडी — त्या उबेला औषध समजून, आज बोटं जरा हलकी आहेत असं रोज स्वतःला पटवत...

"एक महिना द्या," ती डॉक्टरांना म्हणाली होती. "उघड्यावर बसते. एकच महिना."

"उन्हानं सूज उतरेलच असं नाही. जीवनसत्त्व कमी आहे म्हणून सांधे धरलेत, की सांधे धरलेत म्हणून ते कमी झालंय, हे आम्हालाही नीट सांगता येत नाही. पण हाड एकदा झिजलं की परत येत नाही, ताई."

मग मी धरू तरी काय? काय धरून बसू?

गावी, हिंगणीला परतताना दोन्हीकडे कपाशी, तूर, रस्त्याच्या कडेला वाळत घातलेल्या मिरच्या — सगळा जिल्हा उन्हात पडलेला, आणि माझ्याच रक्तात तेवढं नाही. "डब्याचं दूध पिऊन कोणी मरते काय वं?" भूपेंद्र पुढून ओरडून म्हणाला. "मी नाई वाढलो काय?" आणि बऱ्याच वेळानं, मान न वळवता — "आईले ते काचेचं नको सांगू. रोज पुसते ते."

हो, रोज पुसतात. आताही त्या बाहेर अंगणात उभ्या होत्या, ओला कागद घेऊन, भर उन्हात, डोक्यावरचा पदर मागे पडलेला... सुनेला ऊन स्वच्छ मिळावं म्हणून कोपऱ्याकोपऱ्यातून पुसत. चिनूनं काचेवर तळवा टेकवला, त्यांनी बाहेरून त्याच जागी आपला टेकवला. त्यांचे ओठ हलले. ऐकू काही आलं नाही.

हर्षानं चिनूला कोपराच्या बेचक्यात घेतलं आणि खिडकीची वरची कडी धरली. कडी हलली नाही. दुसऱ्या हाताचं मनगट खाली लावून पाहिलं — कळ आली, डोळ्यांत पाणी आलं, कडी तिथंच. सोमवार परवा. एक दिवस तरी, एकच दिवस खरं ऊन... ते पुरणार नाही हे मला कळतं, कळतं सगळं, तरी.

बोटं मिटत नव्हती, म्हणून तिनं मनगटाच्या हाडानंच काचेवर ठोकलं.

सुमित्राबाईंनी वर पाहिलं. ती ठोकत होती ती जागा निरखली, हसल्या, तिथं हाऽ करून वाफ सोडली आणि कागदानं जोरात पुसलं.

तिनं खाली ठोकलं. त्या खाली पुसू लागल्या.

आता सांगायचं तरी काय होतं — आत येऊन कडी काढा, की गोळ्या नको, की नुसतं हे हात बघा, आई, एकदा हातांकडे बघा... चिनू खदखदून हसत होती. काच इतकी लख्ख झाली होती की मध्ये काही आहे असं वाटतच नव्हतं, आणि हर्षा ठोकत राहिली.