नावाड्याची कबुली

धाकटीची नजर गेली आणि तिला वाचून दाखवायचं काम थोरलीकडे आलं. बहिणी असून वीस वर्षं दोघींत धड बोलणं नव्हतं. थोरलीचं ज्याच्याशी ठरलं होतं त्याच्याशीच धाकटीनं लग्न केलं, आणि तो माणूस दुसऱ्या दिवसापासून थोरलीला ‘ताई’ म्हणायला लागला. थोरली मग एकटीच राहिली. दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या बनवायची आणि मनातल्या मनात धाकटीच्या नावानं बोटं मोडायची. तो बिचारा भोळा, हिनंच त्याला नादी लावलं, असं तिनं ठरवूनच टाकलं होतं.

आता धाकटीच्या दुखण्यापुढे डॉक्टरांनी हात टेकल्यावर निरोप आला, ताईला बोलवा. ही माफी मागेल, या आशेनं थोरली गेली.

धाकटीनं माफी मागितली नाही. चाचपडत उशीजवळची कादंबरी पुढे केली. “अर्धी राहिलीय गं. वाचशील?”

कादंबरी एका नावाड्याची होती. पुरात त्यानं सख्ख्या भावाला बुडू दिलं होतं. म्हातारपणी भावजय जाब विचारते तेव्हा तो म्हणतो, ‘त्या क्षणी मी जो होतो, त्याला दुसरं काही जमलंच नसतं. माणूस निवडतो कुठे? नदीला वळण असतं तिथं ती वळते. दोष कुणाला द्यायचा?’

एवढं वाचून थोरलीनं वर पाहिलं. धाकटीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. चेहरा मात्र गाढ झोपून उठल्यासारखा.

“तेवढं परत वाच ना, ताई. किती बरं वाटतं! म्हणजे कुणाचीच चूक नसते.”

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. कुणाचीच चूक नसते! मग परक्यांच्या तोंडात बसवायचे दात घासत गेलेली सगळी वर्षं, त्यांचा जाब कुणाला विचारायचा? तिच्याकडे हा राग तेवढा उरला होता. तोही कुठल्याशा लेखकानं येऊन काढून घ्यायचा?

दुसऱ्या दिवशी दुपारी शेवटचं प्रकरण आलं. त्यात नावाडी शांतपणे मरतो, बस्स. थोरलीनं घसा साफ केला आणि पुस्तकात नव्हतं ते वाचलं. ‘मी खोटं बोललो, वहिनी. मला हात देता आला असता. तो मला नकोच होता. मी निवडलं, आणि समजून उमजून निवडलं.’

धाकटीनं मान तिच्याकडे वळवली.

“असंच लिहिलंय?”

“मग काय मी मनचं सांगतेय?”

“पुन्हा वाच.”

थोरलीनं पुन्हा वाचलं. या खेपेला ‘मला कुठंच क्षमा नाही’ हे वाक्य आपसूक सुचलं. धाकटीनं भिंतीकडे तोंड फिरवलं. नंतर तिनं पुस्तक मागितलं नाही, चमचाभर दूधही घेईना. थोरली त्या दिवशी घरी जाऊन पोटभर जेवली.

धाकटीनं आठवडाही काढला नाही.

सगळं आटोपल्यावर थोरली त्यांच्या घरी गेली. धाकटीचा नवरा कपाट रिकामं करत होता.

“ताई, ते पुस्तक चाळलं मी. ती सारखी म्हणायची, नावाड्याला क्षमा का नाही. यात तर तसलं काहीच नाही.”

“शेवटी डोकं ठिकाणावर नव्हतं तिचं,” थोरली म्हणाली.

त्याला ते पटलं. “मला तर वाचून हसू आलं. माणूस निवडत नाही म्हणे! मी चांगला विचार करून निवडलं होतं. राग मानू नका, पण तुमच्याबरोबर जन्म काढणं मला झेपलं नसतं. तीच नको नको म्हणत होती. ताईचं ठरलंय, म्हणून माझ्या पाया पडायची. मी हात धुऊन मागे लागलो, तेव्हा कुठे हो म्हणाली.”

“मला कधी बोलली नाही.”

“मीच बजावलं होतं. तोंड उघडलंस तर याद राख म्हटलं. उगाच तमाशा कशाला?” त्यानं कपड्यांचा एक गठ्ठा पलंगावर टाकला. “यातलं काही हवंय का? नाहीतर देऊन टाकतो.”

त्याच्यावर राग येईल म्हणून थोरली वाट पाहत उभी राहिली. आला नाही. मग ती पलंगावर टेकली. तो एकेक कपडा काढून देत होता आणि ती घड्या घालत होती. दारातून कुणी डोकावलं असतं तर नवरा-बायको घर आवरताहेत असंच त्याला वाटलं असतं.