डोंगर धरणारी भिंत

निवृत्त सुभेदार हिंदुरावांना पलूसच्या सपाट रानात करमेना. उभी नोकरी पहाडात काढलेला माणूस. चारी बाजूंनी ऊस उभा राहिला की त्यांचा जीव कोंडायचा. कोयनानगरच्या वर, डोंगराच्या उतारावर, त्यांची बायको बाळाबाई हिच्या भावानं बहिणीच्या नावावर केलेला तुकडा होता. तिथं घर बांधायचं त्यांनी ठरवलं आणि सांगलीच्या आम्रपाली या तरुण आर्किटेक्टला गाठलं.

"नक्षी नको, खांब नको," ते म्हणाले. "मजबूत पायजे. आन् खाली दरी दिसायला पायजे."

असं गिऱ्हाईक तिला पहिल्यांदाच भेटलं होतं. तिनं मन लावून आराखडा केला. एकच लांब खोली, कडेला स्वयंपाकाचा ओटा आणि मोरी. मागची भिंत डोंगरात रुतलेली, पुढं दरीच्या बाजूला सलग काच, वाट येते त्या टोकाला एकुलतं दार. भूकंपाचा मुलूख म्हणून इंजिनिअरनं भिंती जाड धरल्या, लोखंड भरपूर घातलं. गिलावा नाही, रंग नाही. सेंट्रिंगच्या फळ्या निघाल्या तेव्हा काँक्रीटवर लाकडाच्या रेषा जशाच्या तशा उमटल्या होत्या. आम्रपाली कितीतरी वेळ भिंतीवरून हात फिरवत राहिली.

गावातले लोक म्हणाले, "पाण्याची टाकी बांधली काय रं?"

हिंदुराव मात्र खूश. "बंकर हाय बंकर! ह्यात मानूस निवांत झोपतंय."

बाळाबाई प्रत्येक वेळी सोबत यायच्या, पण गाडीतून खाली उतरायच्या नाहीत. काही विचारलं तर म्हणायच्या, "तुमाला हवं तसं बांधा." चढ झेपत नसेल, असं आम्रपालीला वाटायचं.

वास्तुशांतीच्या दिवशी त्या वर आल्या. पूजा झाली, पंगत उठली. गावची माणसं सुपारी कातरत बसली होती आणि बायका भांडी विसळत होत्या, तेवढ्यात जमीन हलली. काच थरथरली, रचून ठेवलेल्या ताटल्या खळखळल्या आणि थांबल्या. त्या भागात असे धक्के नवे नाहीत. एकानं "आला वाटतं पाव्हणा," म्हणत सुपारी तोंडात टाकली.

बाळाबाई जागेवर नव्हत्या.

आम्रपाली बाहेर धावली. त्या वाटेच्या कडेला गवतात बसल्या होत्या, दोन्ही तळवे जमिनीला टेकून. मागून हिंदुराव आले. त्यांचा चेहरा फुलला होता.

"बघितलंस? एक चीर न्हाई! घर हललं बी न्हाई."

"घर न्हाई हललं," बाळाबाई म्हणाल्या. "मी हलले."

मग त्या बोलल्या. सदुसष्टच्या भूकंपात त्या इथंच होत्या, या उताराच्या खालच्या अंगाला, दगडमातीच्या घरात. आईनं झोपेतून उचलून त्यांना दाराबाहेर ढकललं आणि धाकटीला आणायला परत आत गेली. तेवढ्यात भिंत खाली आली.

हिंदुरावांना एवढंच ठाऊक होतं, की सासू भूकंपात गेली. "ती परत आत गेलती, हे कवा बोलली न्हाईस."

"तुमी इचारलं कवा?"

हिंदुराव खाली गवतात बसले. टोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली.

आम्रपाली बाळाबाईंच्या शेजारी बसली. "काकू, तुम्ही झोपाल तिथं, दुसऱ्या टोकाच्या भिंतीत, आणखी एक दार काढते, म्हणजे लगेच बाहेर पडता येईल. मी इंजिनिअरशी बोलते." त्याच भिंतीवर तिचा सगळ्यात जास्त जीव होता.

चार-दोन दिवसांत इंजिनिअरनं कळवलं, की भिंत कापता येणार नाही. डोंगरात रुतलेल्या मागच्या भिंतीला तिचाच टेकू आहे, वरचा डोंगर तीच धरून आहे.

हे ऐकून बाळाबाईच म्हणाल्या, "मग फोडू नको, पोरी. तिचं काम तिला करू दे. मला भाएर जागा कर."

दाराशेजारी थोडी सपाट जागा होती. आम्रपालीनं तिथं ओटा घातला, बारीक लोखंडी नळ्यांवर हलका पत्रा टाकला. तिन्ही बाजू मोकळ्या. कागदावर काढताना तिला तो ओटा त्या नितळ घराला लावलेल्या ठिगळासारखा वाटला. तरी तिनं मनापासून काढला.

उन्हाळ्यात ती भेटायला गेली. ओट्यावर दोन खाटा होत्या.

"दुसरी कुणाची?" तिनं विचारलं.

"माझीच की," हिंदुराव ओशाळून म्हणाले. "डास लय हायती. पन आत एकट्याला झोप येईना."

एवढं भक्कम घर बांधलं, आणि माणसं निजतात पत्र्याखाली. आम्रपालीला हसू आलं, थोडं वाईटही वाटलं. बाळाबाई चहा टाकायला आत गेल्या होत्या. दार सताड उघडं होतं.

"भीती गेली का, काकू?"

"न्हाई गं. ती कुठं जाती," त्या आतून म्हणाल्या. "पन दुपारचं हितं गार असतंय. मी येती, जरा बसती."

चहा झाला तरी त्या लगेच बाहेर आल्या नाहीत. काचेपाशी उभ्या राहून खालच्या उताराकडं बघत राहिल्या. मग त्यांनी हाक मारली, "आवं, हिकडं या. आमचं घर कुठं हुतं, दावते."

हिंदुराव उठले आणि आत गेले.