हरवलेली बादली

सून ड्यूटीवरून आली ती बूट न काढताच पुसलेल्या फरशीवर फतकल मारून बसली. या घरात बूट घालून उंबरा ओलांडायची कोणाची छाती नव्हती. सासूबाईंनी स्वयंपाकघरातून एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं.

"काय गं, बूट पायाला चिकटले का?"

"आई, मी नोकरी सोडतेय. उद्या सांगून टाकते."

सून ॲम्ब्युलन्सवर होती. सकाळी एक माणूस जीव द्यायला गच्चीच्या कठड्यावर उभा होता. त्याच्याशी बोलायला हिलाच पुढे केलं आणि ऐनवेळी हिची वाचाच बसली. शेवटी गाडीवरच्या जोडीदाराने बोलून बोलून त्याला मागे आणलं. माणूस वाचला, पण सून काही अजून त्या गच्चीवरून उतरली नव्हती.

"शिकवलेलं सगळं विसरले. वाटलं, एक शब्द चुकला तर?"

सासूबाई कुरकुरणाऱ्या गुडघ्यांना शिव्या घालत शेजारी टेकल्या.

"तुझे सासरे मोठे बोलके होते वाटतं? आगीच्या बंबावर जन्म गेला, पण मीठ मागायचं म्हटलं तरी घाम फुटायचा त्यांना."

ते आठवले की सासूबाईंना आधी धुराचा वास यायचा. शर्ट कितीही घासा, तो जायचा नाही. तेव्हा त्या नाक मुरडायच्या. आता तो कुठे मिळेना.

एकदा सासऱ्यांनी बंब धुवायला घरची नवीकोरी बादली नेली आणि हरवून आले. त्यावरून सासूबाईंचा पट्टा असा सुटायचा, की शेजारीण रेडिओ बंद करून ऐकत बसायची. हे आपले पायरीवर बूट पुसत मिशीत हसायचे.

मग काही वर्षांनी एक अनोळखी माणूस लेकीला खांद्यावर घेऊन दारात आला. म्हणाला, "वहिनी, ती बादली सापडली का हो?"

तो कधीकाळी पाण्याच्या टाकीवर चढला होता, परत न उतरण्यासाठी. हे मागून चढले, लांब बसले, धाप टाकत म्हणाले, "भाऊ, तुझं सांग, नाहीतर माझं ऐक. बायकोची बादली हरवलीय माझ्या हातून." आणि सासूबाईंचं भांडण शब्दन् शब्द ऐकवलं.

"मला हसू आलं, वहिनी. मग रडू आलं. मग मी बोलत सुटलो, आणि ते नुसते ऐकत राहिले."

"अशी तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या!" सासूबाई म्हणाल्या. "म्हटलं, माझी अब्रू टाकीवर नेऊन टांगलीत? तर म्हणतात कसे, तुझ्याशिवाय मला दुसरं बोलायला येतं का काही?"

पदर डोळ्यांकडे निघाला होता. तो त्यांनी नाकालाच लावला.

सून हसली. मग तिला रडू फुटलं. सासूबाई एक अक्षर बोलल्या नाहीत, आणि हे त्यांच्या बाबतीत नवलच.

बऱ्याच वेळाने डोळे पुसत सून म्हणाली, "पण माझ्याकडे बादली कुठाय, आई?"

"सासू आहे ना धडधडीत? सांग लोकांना, म्हातारी बुटांवरून जीव खाते म्हणून. ऊठ आधी! चिखल बघ केवढा केलायस!"

सुनेने बूट काढले आणि पायरीवर नेऊन ठेवले, सासरे ठेवायचे तिथेच.

"सकाळची पाळी आहे, आई. लवकर उठवाल?"

"मी काय घड्याळ आहे?" म्हणत सासूबाई फडकं आणि बादली आणायला मोरीकडे वळल्या.